कोथरूडचे घाबरट मामा

साथ आली तेव्हा सगळं जग बेसावध होतं असं म्हणतात, ते काही पूर्ण खरं नाही. कोथरूडमध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ सावध बसलेले होते. ते माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. जगावर काहीतरी मोठं संकट येणार आहे हे ते मी या घरात सून म्हणून आले त्याच्याही आधीपासून सांगत होते. संकट नेमकं कुठलं, एवढाच तपशील त्यांच्याकडे नव्हता. मास्कचा खोका त्यांच्या कपाटात आधीपासून होता. बाहेरून आल्यावर दाराशी चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग लांबूनच जयभीम घालायचा, हा त्यांच्या घरचा जुना रिवाज. त्यामुळे टाळेबंदीत सगळ्यांची आयुष्यं उलटीपालटी झाली तेव्हा मामांच्या दिनक्रमात काडीचा फरक पडला नाही. फक्त त्यांना हसणारे लोक हसायचे थांबले.

मामांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात, सुरक्षा विभागात झाली. फाटकावर उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तपासायचे, काडेपेटी आणि लायटर काढून ठेवायचे, बुटाच्या तळव्याला लोखंडी खिळा तर नाही ना ते बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी हीच नजर घराकडे आणि नातेवाइकांकडे वळवली. चहा झाला की गॅसचा रेग्युलेटर बंद. लगेच दुसरा चहा ठेवायचा असला तरी आधी बंद, मग पुन्हा चालू. हॉटेलात शिरले की मेनूकार्डाच्या आधी ते वेटरला मागचा दरवाजा कुठे आहे असं विचारत, आणि मागचा दरवाजा नसला तर आम्हाला सगळ्यांना उठवून बाहेर काढत. लग्न त्यांनी केलं नाही. तरुणपणी एकदा मुलगी बघायला गेले होते, मुलगी सगळ्यांना पसंतही होती. पण पोहे यायच्या आत मामांना स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा पेटत्या स्टोव्हवर लोंबताना दिसला, आणि पुढचा सगळा वेळ त्यांनी मुलीच्या वडिलांना पडद्यांविषयी ऐकवण्यात घालवला. नकार तिकडून आला. “पडदा मात्र त्यांनी काढला,” हे मामा अजून मोठ्या समाधानाने सांगतात. आमच्या लग्नाच्या फोटोंत मामा कुठेच नाहीत. मांडवामागे जनरेटरपाशी वाळूची बादली घेऊन ते उभे होते, आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत तिथून हलले नाहीत.

लहान मुलांशी त्यांचं फारसं जमत नसे. मुलं म्हणजे त्यांच्या लेखी सतत कुठूनतरी पडणारी, काहीतरी गिळणारी आणि कशाततरी बोट घालणारी जमात. माझी मोठी मुलगी मैत्री, तिला ते द्राक्षं उभी चिरून, बी काढून देत, आणि तिच्या घशाखाली शेवटचा तुकडा उतरेपर्यंत तिच्याकडे टक लावून बघत. कुणाचं असं लक्ष असलं की द्राक्षाची चव जाते, हे तिने मला फार लवकर सांगितलं होतं. फुगा ही वस्तू मामांना स्फोटकांच्या जवळची वाटे. तिच्या पाचव्या वाढदिवसाला त्यांनी खोलीभर लावलेले फुगे एकेक करून खाली उतरवले, गाठी सोडल्या आणि हलक्या हाताने त्यांतली हवा काढून टाकली. एकही फुटला नाही. मैत्री हुंदके देत कोपऱ्यात उभी होती, आणि तिचा धाकटा भाऊ सम्यक, जेमतेम दोन वर्षांचा, तोही तिला बघून रडत होता. मामा घाम पुसत मला म्हणाले, “रडू द्या. कान शाबूत आहेत दोघांचे.”

त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, नेमक्या त्यांच्या उलट. महापालिकेच्या शाळेत त्यांनी उभा जन्म पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. वर्गात साप निघाला तेव्हा त्यांनी मुलांना बाकांवर उभं करून पाढे म्हणायला लावले होते आणि शिपाई येईपर्यंत स्वतः केरसुणी घेऊन दारात उभ्या होत्या, अशी गोष्ट विश्रांतवाडीत अजून सांगतात. आईवडील लवकर गेल्यावर मामांना त्यांनीच वाढवलं. भावाच्या सगळ्या भीतीवर त्यांचं एकच उत्तर असे: “अरे, काही होत नाही.” आणि मामांना जगात सर्वांत जास्त राग याच तीन शब्दांचा. कारखान्यात ज्या ज्या वेळी काही झालं, त्याच्या आधी कुणीतरी हेच म्हणालेलं होतं, असं ते सांगत. बहीण-भावाचं यावरून फोनवर रोज भांडण होई, आणि एखाद्या दिवशी झालं नाही तर सासूबाईंना चुकल्यासारखं वाटे.

साथीचं पहिलं वर्ष असंच गेलं. मामा कोथरूडच्या घरातून खाली उतरलेच नाहीत. भाजी दोरी लावलेल्या पिशवीतून वर घेत आणि आधी ती गच्चीवर उन्हात ठेवत. आम्ही विश्रांतवाडीत, दोन खोल्या आणि हॉल एवढ्या फ्लॅटमध्ये पाच जण. माझं खराडीचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं होतं, मैत्रीची शाळा मोबाइलमध्ये, आणि सम्यकला बाग नावाची गोष्ट असते हेच आठवेनासं झालं होतं. तरी सासूबाई होत्या. जुन्या ओढण्यांचा तंबू, कणकेचे प्राणी, खिडकीतून दिसणाऱ्या कावळ्यांची नावं, असं त्यांनी मुलांना गुंतवून ठेवलं. संध्याकाळी मामांचा फोन आला की त्या स्पीकर लावत, म्हणजे मुलांनाही ऐकायला मिळावं. दाराची कडी साबणाने पुसली का, दुधाची पिशवी धुतली का, असं मामा तिकडून विचारत आणि इकडे मुलं तोंडावर हात ठेवून हसत.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. आधी मैत्रीला थोडी सर्दी झाली, ती बरीही झाली. मग सासूबाईंना ताप आला आणि पाठोपाठ मला. मुलांची आणि माझ्या नवऱ्याची तपासणी निगेटिव्ह आली, आमची दोघींची पॉझिटिव्ह. मला विशेष त्रास नव्हता, पण सासूबाईंना धाप लागायला लागली. बेड मिळवायला माझा नवरा एक आख्खा दिवस त्यांना रिक्षात घेऊन फिरला आणि शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात जागा मिळाली. जाताना सासूबाईंनी मुलांना दारातून हात केला आणि काही होत नाही म्हणाल्या. माझा नवरा तिकडेच राहिला. औषधं शोधायची, डॉक्टरांची गाठ पडेपर्यंत पायरीवर बसायचं, आणि दवाखान्यातून उठून मुलांजवळ यायचं तर त्याला धीर होईना.

म्हणजे घरात मी आतल्या खोलीत दार लावून, आणि बाहेर सात वर्षांची मैत्री आणि चार वर्षांचा सम्यक. माझं माहेर लातूरला; जिल्ह्यांच्या हद्दी बंद होत्या. शेजारी भले होते, दाराबाहेर डबा ठेवत, बेल वाजवून जिन्यात लांब उभे राहून मुलांशी बोलत. पण आत कोण येणार? मी कुणालाही ये म्हटलं नसतं. सम्यक पहिल्या दिवशी माझ्या दारावर नुसता हात आपटत राहिला. दुसऱ्या दिवशी तो दाराला पाठ लावून बसला आणि बोलायचाच थांबला. मैत्री एकदम मोठ्या बाईसारखी वागायला लागली होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. सकाळी तिने भावासाठी दूध तापवायला ठेवलं. मला आतून जळल्याचा वास आला, मी ओरडून विचारलं तेव्हा ती म्हणाली, “उतू गेलं होतं, मी बंद केलंय, तू झोप.”

त्याच वेळी मामांचा फोन आला. ते रोज बहिणीची चौकशी करायला करत तसाच. मला रडू आवरेना आणि मी दुधाचं सांगून टाकलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, “रेग्युलेटर बंद आहे का?” मी माहीत नाही म्हणाले. फोन बंद झाला.

दुपारी जिन्यात जड पावलं वाजली आणि बेल झाली. मैत्रीने साखळी लावून दार उघडलं आणि सम्यकने किंकाळी फोडली. नंतर कळलं की बाहेर हेल्मेट, त्याखाली गॉगल, दोन मास्क, भर उन्हाळ्यात रेनकोट आणि भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे असा एक माणूस उभा होता. सत्तरीला टेकलेले मामा, वर्षभरात पहिल्यांदाच घराबाहेर पडून, स्कूटरवरून कोथरूडहून आले होते. वाटेत नाक्यावर पोलिसाने अडवलं, तर मामांनी त्यालाच मास्क नाकाच्या वर कसा घ्यावा हे समजावायला सुरुवात केली आणि त्याने कंटाळून जा म्हटलं. हे सगळं पुढे कधीतरी कळलं. त्या क्षणी मला दाराआडून फक्त त्यांचा आवाज ऐकू आला. मुलांनी घाबरू नये असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “मी मामाआजोबा आहे. तुम्ही दोघं घाबरला असाल तर बरोबर आहे. मीही घाबरलेलो आहे. आता आपण तिघं आहोत.”

पाचेक मिनिटांनी माझ्या दारावर टकटक झाली. “सूनबाई, मी हॉलमध्ये आहे. रेग्युलेटर बंद केलाय. तुम्ही झोपा.” मी त्यांना परत जा म्हणून विनवलं, त्यांचं वय सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डाळ कुठल्या डब्यात आहे ते विचारलं.

त्यानंतरचं सगळं मी बंद दारातून ऐकलेलं आहे. मुलांना रमवायचं कसं हे मामांना ठाऊक नव्हतं. गोष्टी येत नव्हत्या, गाणी येत नव्हती. त्यांना फक्त कारखाना येत होता. म्हणून आमच्या हॉलचा कारखाना झाला. सकाळी मामा तोंडाने भोंगा वाजवत. मग फाटकावर मुलांचे खिसे तपासले जात, आणि सम्यक मुद्दाम खिशात बटण किंवा वाटाणा लपवून आणतो हे माझ्या लक्षात आलं, कारण तो सापडल्यावर खुदकन हसायचा. राजमा आणि वाल एकत्र करून पुन्हा वेगळे करणं हे एक खातं, चादरींच्या घड्या हे दुसरं, आणि बादलीतल्या पाण्यात कोणती वस्तू तरंगते आणि कोणती बुडते हे तिसरं, त्याला प्रयोगशाळा म्हणायचं. मैत्रीची मोबाइलवरची शाळा त्यांनी बंदच केली. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ मूल बसलेलं त्यांना बघवेना. शाळेच्या बाईंना त्यांनी स्क्रीनसमोर उभं राहून सांगितलं की मुलगी दुसरीकडे कामाला लागली आहे. पोळ्या त्यांना येत नसत. तिघांनी मिळून रोज खिचडी केली आणि त्यातली वाटीभर माझ्या दाराशी ठेवून तिघं लांब पळत.

सकाळच्या भोंग्यानंतर सुरक्षा फेरी असे. तिन्ही कामगारांनी आपापल्या मनातलं भीतीचं कारण सांगायचं, आणि ते कारण जिथे असेल तिथे जाऊन तिघांनी बघायचं. मामा स्वतःपासून सुरुवात करत. आज मला गिझरची भीती वाटते, असं ते गंभीरपणे सांगत आणि तिघांची वरात न्हाणीघराकडे जाई. सम्यकला पलंगाखालच्या अंधाराची भीती होती. कुणी दुसरं असतं तर तिथे काही नाहीये म्हणून मोकळं झालं असतं. मामा गुडघे दुखत असताना पोटावर सरपटत पलंगाखाली गेले, आतूनच सम्यकला म्हणाले की तुझं बरोबर आहे, इथे खरंच फार अंधार आहे, आणि एक हरवलेला मोजा बाहेर घेऊन आले.

पण सम्यकची मोठी भीती अँब्युलन्सची होती. आमची इमारत आळंदी रस्त्याला लागून. त्या दिवसांत गाड्या इतक्या जात की एकीचा आवाज विरायच्या आत दुसरीचा सुरू होई. आजीला त्यातलीच एक घेऊन गेली असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. आवाज आला की तो कान दाबून कपाटाच्या फटीत शिरे. मामांनी त्याला एकदा विचारलं की कारखान्यात बंब आला तर कामगार काय करतात माहीत आहे का? सम्यकला माहीत नव्हतं. ते भिंतीला लागून उभे राहतात, मामा म्हणाले, वाट मोकळी करतात. गाडी अडली नाही तर लवकर पोचते. तेव्हापासून आवाज आला की हातातलं काम टाकून तिघं भिंतीला पाठ लावून उभे राहत. मला आत पळणारी पावलं ऐकू येत, मग गाडी जाईपर्यंत शांतता, आणि मग सम्यकचा बारीक पण खणखणीत आवाज: “पुढे गेली. कामाला लागा.” पलंगावरून उठून मीही भिंतीला टेकून उभी राहायला लागले होते.

मैत्री मात्र फेरीत काहीतरी किरकोळ सांगत असे, पालीची भीती, विजेची भीती. एका सकाळी मामांनी भाताचं भांडं धुता धुता तिला म्हटलं की हे सगळं तू माझ्यासाठी सांगतेस, तुझं काय ते सांग. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “मामाआजोबा, सर्दी आधी मला झाली होती. मी आजीजवळ झोपत होते.”

मी दाराच्या कडीवर हात ठेवला होता. नाही गं, असं काही नसतं, वेडी आहेस का, हे सगळं माझ्या तोंडात आलं होतं. मामांनी नळ बंद केला. कारखान्यात एकदा अपघात झाला होता, ते सांगायला लागले. दुसऱ्या दिवशी एकामागून एक सात-आठ कामगार त्यांच्याकडे आले, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच हातून झालं. म्हणून अशा वेळी चौकशी करतात. आपणही करू. आणि त्यांनी खरंच चौकशी केली. त्या आठवड्यात घरात कोण कोण आलं, आजी रेशनला कुठे उभी होती, बाबा ऑफिसात कधी गेले, गॅसचा सिलिंडर घेऊन कोण आलं होतं, दूध कोण आणायचं. मैत्री आठवून आठवून सांगत होती, आणि तिच्या आवाजातला ताण हळूहळू उतरताना मला ऐकू येत होता. तुझी तपासणी निगेटिव्ह आली होती, हेही त्यांनी विचारून घेतलं. शेवटी मामा म्हणाले, “कुठून आलं ते सांगता येत नाही. तुलाही नाही, मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. जे सांगताच येत नाही, त्याचा दोष कुणावर ठेवायचा नाही. चौकशी संपली.” मग तिला रडू आलं, आजीला नेल्यापासून पहिल्यांदाच. बऱ्याच वेळाने मामांनी तिला नाक पुसून हात धुऊन यायला सांगितलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी माझ्या नवऱ्याचा फोन आला. तो काही बोलू शकला नाही, त्यामुळे मला कळलं. मी तोंडात पदर कोंबला होता, तरी बाहेर आवाज गेला असावा. दाराजवळ पावलं आली. “ताई?” मामांनी विचारलं. मी हो म्हणाले. ते तिथून हलले, आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मामा हात धूत होते. किती वेळ धूत होते कोण जाणे. आई, वडील, बहीण, जे काही होतं ते सगळं त्यांना त्या एकाच बाईत मिळालेलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू डबा घेऊन आल्या होत्या, त्यांना बातमी कळली. जिन्यातूनच, डोळे पुसत, त्यांनी मामांना सुचवलं की मुलांना एवढ्यात सांगू नका, आजी गावाला गेली म्हणा, नाहीतर आकाशात चांदणी झाली म्हणा. त्यांच्या मनात मायाच होती. मामांनी त्यांना हात जोडले असावेत. “मुलं रोज वाट बघतील हो,” ते म्हणाले. “किती दिवस बघू द्यायची?”

मग त्यांनी मुलांना माझ्या दाराशी आणून बसवलं, मला ऐकू यावं म्हणून. स्वतःही खाली बसले. त्यांचे गुडघे कडकडल्याचा आवाज मला आला.

“आजी वारली,” ते म्हणाले. “वारली म्हणजे तिचं शरीर काम करायचं थांबलं. तिला आता दुखत नाही, धाप लागत नाही. पण ती परत येणार नाही.”

“उद्या?” सम्यकने विचारलं.

“उद्याही नाही.”

“माझ्या वाढदिवसाला?”

“वाढदिवसालाही नाही, बाळा.”

मैत्रीने विचारलं की तुम्ही रडताय का. हो, रडतोय, मामा म्हणाले, माझी ताई होती ती. मी दाराला कान लावून बसले होते, आणि माझ्या आणि माझ्या मुलांच्या मध्ये फक्त ती लाकडाची फळी होती. शेवटी सम्यक म्हणाला, “पण आपण तर उभे राहिलो होतो ना भिंतीला?”

मला वाटलं आता मात्र ते अडले.

“उभे राहिलो होतो,” ते म्हणाले. “आपण आपलं काम नीट केलं. डॉक्टरांनीही केलं. तरी कधी कधी असं होतं.”

“मग आता नाही उभं राहायचं?”

“राहायचं. ती गाडी आता दुसऱ्या कुणाच्या तरी आजीची असते.”

आम्हाला सासूबाईंना शेवटचं बघता आलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शरीर माझ्या नवऱ्याने लांबून पाहिलं आणि एकट्यानेच निरोप दिला. त्याच संध्याकाळी मामांनी हॉलमध्ये भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली टेबल मांडलं आणि त्यावर बहिणीचा फोटो ठेवला. मेणबत्ती त्यांनी स्वतःच्या हाताने लावली. गॅस सोडला तर उभ्या आयुष्यात त्यांनी घरात उघडी ज्योत येऊ दिली नव्हती. वीज गेली तरी अंधारात बसून राहत. मेणबत्ती ताटात, ताटात पाणी, आणि शेजारी भरलेली बादली. मुलांनी वंदना म्हटली, सम्यकचे शब्द मागे पडत होते, मामा त्याच्यासाठी थांबत होते. दाराच्या आत मी हात जोडून म्हणत होते. वंदना झाल्यावर मुलांना त्यांनी खिचडी वाढली, पण स्वतः उठले नाहीत. ज्योत विझेपर्यंत ते तिच्यासमोर बसून होते, हे मैत्रीने मला नंतर सांगितलं. मामाआजोबा बादलीकडे बघतच नव्हते, असंही ती म्हणाली.

मी खोलीतून बाहेर आले, माझा नवरा परत आला, आणि मुलं आम्हाला इतकी बिलगली की मामांकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. त्यांनी हातमोजे धुऊन वाळत घातले होते ते काढले, रेनकोट घातला आणि निघाले. राहा म्हटलं तर म्हणाले, घरचा नळ नीट बंद केलाय की नाही आठवत नाही. त्यांना स्वतःला काहीही झालं नाही, मुलांनाही नाही. याचं श्रेय ते अजून त्या पिवळ्या हातमोज्यांना देतात.

आता त्याला बरीच वर्षं झाली. सम्यकला आजी फारशी आठवत नाही, आणि आठवत नाही याचं त्याला वाईट वाटतं. मैत्री माझ्या खांद्याला लागली आहे. मामा थकलेत. त्यांचं घर तसंच आहे, कडी, कुलूप, रेग्युलेटर, सगळं. फक्त तपासायला आता त्यांना जास्त वेळ लागतो, आणि संध्याकाळी फोनवर भांडायला कुणी नसल्यामुळे ते आमच्याशी नुसतं बोलतात, न भांडता, ते मला ऐकवत नाही.

मागच्या रविवारी आम्ही कोथरूडला गेलो होतो. जेवणं झाली होती, मामा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मैत्रीने एकदम विचारलं, “मामाआजोबा, त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे निघालात, तेव्हा तुम्हाला वाटेत भीती नाही वाटली?”

“वाटली की,” मामा म्हणाले. “नदीच्या पुलावर मध्येच स्कूटर थांबवली होती मी. म्हटलं, परत फिरावं.”

“मग?”

“मग काय. पुलावर मागे वळायला मनाई आहे. यावं लागलं पुढे.”

मैत्री खो खो हसली आणि मामाही जरासे हसले. मग ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्या दिवशी टाळेबंदी होती, भर दुपार होती, आणि त्या आख्ख्या पुलावर त्यांच्याशिवाय दुसरं कुणीही नव्हतं.